आवणीच्या दिवसांत घरी जा

ताई,

मी ३४ वर्षांची आहे, पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका. माझं माहेर जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचं, आम्ही वारली. सहाव्या वर्षी मी आश्रमशाळेत गेले, मग वसतिगृह, नर्सिंग, नोकरी, लग्न. नवरा आदिवासी नाही, सातारकडचा आहे, समजूतदार आहे. मुलगी आठ वर्षांची. सुट्टीत दोन दिवस आईकडे जाऊन यायचं, एवढाच घरचा संबंध उरला होता. दीड वर्षापूर्वी आई गेली.

यंदा होळीनंतर चुलतभावाच्या लग्नाला गेले. भिंतीवर लग्नाचा चौक काढायला बायका बसल्या होत्या, म्हणून मीही जाऊन बसले. काकी म्हणाली, "तू राहू दे गं, तुझी साडी खराब होईल." रात्री लग्न लावणारी धवलेरी गायला लागली, सगळ्या जणी तिच्यामागून म्हणत होत्या आणि मला एक ओळ येत नव्हती. सकाळी थोरल्या चुलतभावानं हसत हसत विचारलं, "जमिनीचं बघायला आलीस का?" परत आल्यावर इथं वारली चित्रकलेच्या दोन दिवसांच्या शिबिरात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई आदिवासी नव्हत्या. ओळखी करून देताना मी वारली आहे हे मला सांगताच आलं नाही. घरी येऊन रडले.

मी आता वारली उरले आहे का? नोकरी सोडून गावी जाऊन राहावं का? मुलीला काय सांगू? नवरा म्हणतो, आई गेल्याचं दुःख आहे, हळूहळू कमी होईल. तुम्ही काय म्हणाल?

— पाड्यावरची लेक, पुणे

--

प्रिय लेक,

तुमच्या थोरल्या भावाचं बोलणं तुम्हाला लागलं हे समजतं. पण त्याच बोलण्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. जमिनीचं बघायला आलीस का, असं परक्या बाईला कुणी विचारत नाही. ज्याचा वाटा असतो त्याचीच भीती वाटते. तुम्ही त्या घरच्या आहात याबद्दल पाड्यावर कुणाच्याही मनात शंका नाही. शंका फक्त तुम्हाला आहे.

काकीचं वाक्य मात्र वेगळं आहे आणि माझ्या मते तेच तुम्हाला जास्त झोंबलं. साडी खराब होईल म्हणाली, म्हणजे तिनं तुमचा मान ठेवला. पाहुणीचा ठेवतात तसा. घरच्या लेकीला कुणी असं म्हणत नाही, तिला सांगतात, "बसलीस काय, तांदूळ वाट." तेव्हा तुमचा खरा प्रश्न वारली असण्या-नसण्याचा नाही. लेकीची पाहुणी झाली आहे आणि तिला पुन्हा लेक व्हायचं आहे, हा तुमचा प्रश्न आहे. त्याला वाट आहे. ती वाट शिबिरातून किंवा पुस्तकातून जात नाही, कामातून जाते. मी स्वतः वारली नाही, पण जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बरीच वर्षं शिकवण्याच्या कामात होते, तिथल्या बायकांच्या सोबतीनं राहिले. जे पाहिलं त्याच्या आधारावर लिहिते आहे.

आधी मनावरचं एक ओझं उतरवू या. आपण पाड्यापासून तुटलो, असा अपराधी भाव तुमच्या पत्रात जाणवतो. सहा वर्षांची मुलगी कुठंही "तुटत" नसते, तिला नेलं जातं. ज्या वयात मुलगी आजीच्या मागं रानात हिंडून कुठला कंद खायचा, कुठला नाही हे शिकते, त्या वयात तुम्ही पत्र्याच्या खोलीत रांगेत झोपत होतात. वर्गात पुस्तकाची मराठी चालायची आणि घरची बोली तोंडातून निघाली की पोरं हसायची, कधी कधी शिक्षकही. दहा वर्षं असं झाल्यावर गाणी कुठून यावीत? आश्रमशाळेनं तुम्हाला दोन वेळचं जेवण दिलं, पुढं परिचारिका केलं, हेही तितकंच खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण शिकायचं असेल तर घर सोडलंच पाहिजे, हा काही निसर्गाचा नियम नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं तुमच्याच जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी गुरं चरतात तिथं, कुरणात शाळा भरवली. म्हणजे मूल घरी ठेवून शिकवता येतं हे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी, तुमच्या पाड्यापासून काही तासांच्या अंतरावर करून दाखवलेलं होतं. बहुतेकांच्या वाट्याला ते आलं नाही. तुमच्याही आलं नाही. यात तुमची चूक शोधू नका.

हे एवढ्यासाठी सांगते की अपराधी मनानं माहेरी गेलेली बाई पिशव्या भरभरून जाते. सगळ्यांना साड्या, पोरांना कपडे, खाऊ, दिव्याची माळ. तुम्हीही नेलं असेल. देणाऱ्या हाताला कुणी काम सांगत नाही, त्याला खुर्ची देतात. पुढच्या खेपेला मोजकंच न्या.

आता नोकरी सोडण्याबद्दल. सोडू नका. तुमच्या पाड्याचं वर्ष कसं जातं ते जरा आठवा. भात कापून, झोडून झालं, दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून भिवंडी, वसई, ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर जातात. कुणी रेतीवर, कुणी बांधकामावर. होळीला येतात, पुन्हा जातात आणि मिरगाच्या तोंडावर सगळे परततात. अर्धं वर्ष पाडा म्हातारी माणसं आणि कोंबड्यांच्या भरवशावर असतो. भट्टीवर सहा महिने काढलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तू वारली उरलास का. मुंबईत आरेत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे जुने पाडे आहेत, चारी बाजूंनी इमारती उठल्या तरी तिथले देव आणि लग्नं चालू आहेत. तेव्हा बाहेर राहणं, बाहेर कमावणं यानं माणूस बाद होत नाही. भट्टीवरची माणसं पावसाआधी परत येतात आणि शेतात उतरतात. तुम्ही येता मे महिन्याच्या सुट्टीत, पाडा ओस असताना. किंवा लग्नात, सगळे नटलेले असताना.

म्हणून माझं सांगणं हे की जुलैत जा, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला.

तुम्ही लहानपणी पाहिलेलं असणार, पण हातानं केलेलं फारसं नसेल, म्हणून सविस्तर लिहिते. उन्हाळ्यात राब भाजतात ते आठवतं? तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गोवऱ्या जमिनीच्या तुकड्यावर पसरून जाळायच्या. पहिल्या पावसात त्या राखेच्या जमिनीत भात पेरतात, वरकस उतारावर नागली, वरई. तीनेक आठवड्यांत रोपं हातभर होतात. मग ती उपटायची, मुळांची माती पाण्यात झटकायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात ओणवं राहून लावत मागं मागं सरकायचं. पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, वर धो धो पाऊस. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तुमची कंबर धरेल. बोटांच्या बेचक्यांत चिखल जाऊन कातडी सोलवटेल. तुम्ही लावलेली रोपं वाकडी दिसतील, काही तरंगून वर येतील आणि शेजारची आठवीतली पोर तुमच्या मागून येऊन ती पुन्हा नीट रोवेल. बायका हसतील. हसू द्या, तुम्हीही हसा. हे हसणं लग्नातल्या त्या हसण्यासारखं नसतं. चिखलात हसतात ते आपल्या माणसाला.

बोलीही तिथंच परत येते. वही घेऊन शब्द टिपायला बसलात तर समोरची बाई तुमच्याशी शाळेतली मराठी बोलायला लागेल, कारण तिला वाटेल साहेबीण आली. पण हात कामात असले की ती तुमच्याकडं बघत नाही, तिच्या नणंदेशी बोलते, तिसऱ्या खाचरातल्या जावेला ओरडून काही सांगते आणि तुम्ही मध्ये असता. सहा वर्षांपर्यंत जी भाषा कानात होती ती गेलेली नसते, दबलेली असते. आधी सगळं कळायला लागेल, मग एखाद्या वेळी तोंडातून निघेल. चुकलं तर चुकू द्या. आणि दरम्यान एक करा. तुमच्याशी बोलीत बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे तुमची आई होती असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. तसं असेल तर आठवड्याला एकदा काकीला फोन करा. विशेष कारण नको. पाऊस झाला का, कोंबडी बसली का, शेवळाची रानभाजी निघाली का, एवढं पुरे. शेवळं निघाली असतील तर कशी करतेस ते विचारा. घसा खाजू नये म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात हे तुम्हाला माहीत असेल, पण किती घालायची हे तिच्या तोंडून ऐका. आईनंतर ही विचारपूस करायला तुम्हाला कुणीतरी हवं आहे आणि काकीलाही.

आता गाणी आणि चौक. या गोष्टीचा तुम्हाला सगळ्यात जास्त चटका बसला आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

लग्नचौक हे शोभेचं चित्र नव्हतं आणि नाही. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. शेणामातीनं सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं तो सवाष्णींनीच काढायचा, मध्ये पालघाट देवी, कडेला सूर्य, चंद्र, फणी, झाडं. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. ब्राह्मण नाही, भटजी नाही. गाण्यातून ती देवांना बोलावते, त्यांना चौकात बसवते. दिवसचे दिवस चालणारा हा विधी तिच्या तोंडपाठ असतो आणि लिहिलेला कुठंच नसतो. तुमच्या समाजानं एवढा मोठा अधिकार बाईच्या हातात ठेवला ही गोष्ट शहरात राहणाऱ्या आम्हा बायकांनी समजून घ्यावी अशी आहे.

आणि हे कसल्या काळातून टिकलं तेही बघा. एके काळी वारल्याला लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यावं लागायचं आणि त्या बदल्यात नवराबायको दोघं वर्षानुवर्षं त्याच्याकडं राबायची. लग्नगडी म्हणत त्यांना. १९४५ मध्ये तलासरीतल्या झरी गावी वारली जमले, किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत झुगारून द्यायचं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती गेले. लग्न करणं म्हणजे स्वतःला गहाण टाकणं होतं अशा दिवसांतही तुमच्या पणज्यांनी चौक काढले आणि धवलेरींनी गाणी म्हटली. मुलीला काय सांगू, असं विचारलंत ना? हे सांगा. आठ वर्षांच्या मुलीला हे कळतं.

शिबिराबद्दल. तुम्ही गेलात यात गैर काही नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातानं ते जगभर गेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यावर कितीतरी वारली घरं चालतात. पण जे बायकांचं, देवापुढचं काम होतं ते कागदावर येताना बरंचसं पुरुषांकडं आणि बाजाराकडं गेलं, आणि आता कपांवर, ओढण्यांवर, सोसायटीच्या भिंतींवर कुणीही ते काढतं. त्या शिबिरात तुमच्या घशाशी जे आलं ते यामुळं. तुमच्या काकीनं चौक काढायची काडी हातात दिली नाही आणि इथं पैसे भरून अनोळखी बाईनं दिली, हे कुणालाही लागेल. पुन्हा कधी असा प्रसंग आला तर ओळख करून देताना सांगा की मी वारली, माझ्या घरी चौक काढतात, मला अजून काढता येत नाही. यात लाजण्यासारखं अक्षर नाही. शिकवणाऱ्या बाईंनाही ते ऐकण्याची गरज आहे.

पण शिकायचं मात्र काकीकडं. आवणीत चिखलात उतरलेल्या पुतणीला पुढच्या लग्नात ती साडीचं कारण सांगणार नाही, याची मला जवळपास खात्री आहे. तरीही थेट काडी मागू नका. तांदूळ भिजवा, वाटा, पीठ सरसरीत करून द्या, भिंत सारवायला घ्या. बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक मऊ करतात, ते करून बघा. चौकाच्या चौकटीतल्या बारीक रेघा नव्या हातांना देतात, देवी जाणत्या बायका काढतात. तुमच्या वाट्याला रेघा आल्या तर त्या मन लावून काढा.

गाण्यांसाठी फोनचं रेकॉर्डिंग लगेच चालू करू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आधी ऐका. देवाला बोलावण्याचं गाणं धवलेरी अवेळी, नुसतं ऐकवायला म्हणेलच असं नाही, आणि नाही म्हणाली तर ते राहू द्या. काही गाणी बायका आवणीतही गुणगुणतात, तिथून सुरुवात होईल. बऱ्याच ओळखीनंतर तिनं स्वतःहून होकार दिला तर रेकॉर्ड करा, ते तिला ऐकवा, तिच्या नातवंडांच्या फोनवर द्या. इंटरनेटवर टाकू नका. ते गाणं तुमचं आहे तेवढंच पाड्याचंही आहे.

परिचारिका असल्यामुळं तुम्हाला एक मोह होईल. कुपोषण बघायला पोरांचे दंड मोजावेसे वाटतील, पाणी उकळा असं सांगावंसं वाटेल. जव्हार-मोखाड्याच्या माणसांना शिकवायला आलेल्यांची कमी नाही. १९९२ मध्ये वावर-वांगणीत बालमृत्यू झाले तेव्हापासून मोटारी येत राहिल्या, वह्या, कॅमेरे आणि वजनकाटे घेऊन. काही जणांनी खूप चांगलं काम केलं. पण पाड्यावरच्या बाईला समोर बसवून सांगणारे इतके आले की आपली पुतणीही त्यातलीच एक झाली तर ती गप्प होईल. कुणी विचारलं तर जरूर सांगा. कुणाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचं असेल तर सोबत जा, कागद वाचून दाखवा, डॉक्टर घाईत बोलले ते बोलीत समजावून द्या. हे काम तुमच्याइतकं नीट कुणी करू शकणार नाही. बोलावल्याशिवाय मात्र करू नका.

आता जमीन. इथं स्पष्ट बोलायला हवं, कारण हा विषय हसण्यावारी राहिला तर बाकी सगळं बिघडेल. तुमच्या भावाची भीती उगाच नाही. ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरमध्ये, वारल्यांच्या जमिनी सावकारांनी कशा गिळल्या हे त्याच्या घरात सांगितलं गेलेलं आहे. सरकारला १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला, यावरूनच काय ते समजा. आणि तुमचा नवरा बिगर-आदिवासी आहे. भावाच्या मनात काय चाललं असेल ते यात आलं.

त्याला सांगा की जमीन बाहेर जाऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे सरकारी परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. तुमचा तसा विचारही नाही, हे नवऱ्यासमोर, काकीसमोर मोकळेपणानं बोला. पण त्याच वेळी मी तुम्हाला एक सावध सूचना करते. भावांचं मन जिंकायचं म्हणून कुठल्याही हक्कसोडपत्रावर सही करू नका. अपराधी वाटणाऱ्या बहिणी हे फार पटकन करतात. हिंदू वारसा कायदा कलम २(२) मुळं अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळं आदिवासी बाईचा वाटा रूढीवर अवलंबून ठेवला जातो आणि रूढी कोण सांगतं, तर बहुतेक वेळा पुरुष. पण १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात निकाल दिला की बाईला वाटा नाही अशी रूढी सिद्ध होत नसेल, तर केवळ बाई म्हणून तो नाकारणं समानतेच्या हक्काच्या विरोधात आहे. तुमच्या वडलांच्या सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आहे का, त्यात तुमचं नाव आहे का, हे तलाठ्याकडं शांतपणे बघून घ्या. वाटा मागायचा की नाही हा तुमचा प्रश्न. मला विचाराल तर नाव राहू द्या आणि कसायला भावांना द्या. नाव राहिलं की ग्रामसभेत बसायला, वनहक्काच्या दाव्याबद्दल विचारायला तुम्हाला अडखळायला होणार नाही. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यानं तुमच्याकडं ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत, महाराष्ट्रातल्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गावही जाहीर करून घेता येतं. जमलं तर एखाद्या ग्रामसभेला मागं बसून नुसतं ऐका. पाडा आज कशाची काळजी करतो ते तिथं कळतं.

मुलीच्या दाखल्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण उद्या विचाराल. तुमची जमात जन्मानं ठरलेली आहे, लग्नानं ती बदलत नाही. मुलीचं तसं सरळ नाही. आंतरजातीय लग्नातलं मूल सहसा वडलांच्या जातीचं धरलं जातं. ते मूल आईच्या समाजात वाढलं, त्याच अडचणी त्यानं सोसल्या हे दाखवता आलं तर वेगळा निर्णय होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये म्हटलं आहे. पुण्यात वाढणाऱ्या मुलीच्या बाबतीत मी तरी त्या वाटेला जाणार नाही. आणि हा सगळा खटाटोप दाखल्यासाठी आहे अशी शंकाही पाड्यावर येता कामा नये.

दाखला नसला तरी आजोळ आहे. तिला आवणीला सोबत न्या, शाळा दोन दिवस बुडू द्या. स्नेहसंमेलनात लुगडं नेसवून तारपा नाचायला उभं करण्याआधी खरा तारपा, भोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, तिनं ऐकायला हवा. भात कापणीला आलेलं असतं त्या दिवसांत, वाघबारशीच्या आसपास, रात्री अंगणात तारपकरी मधोमध उभा राहतो आणि कमरेत हात घालून माणसं त्याच्याभोवती फिरायला लागतात. तो भोपळ्याचा, घुमणारा आवाज अंगणात उभं राहूनच ऐकावा. ती साखळीत शिरली तर शिरू द्या, नाही शिरली तर काकीच्या मांडीवर झोपू द्या.

९ ऑगस्टच्या, आदिवासी दिनाच्या मिरवणुका आहेत, जानेवारीत आदिवासी एकता परिषदेचं महासंमेलन भरतं, देशभरातून आदिवासी येतात. तिथंही जा, बळ येतं, आपण एकट्या नाही हे दिसतं. पण आधी आवणी.

राहिला नवरा. ते म्हणतात हे आईचं दुःख आहे, आणि ते अर्धं बरोबर आहेत. आई होती तोवर पाडा तिच्यात होता, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नव्हतं. आता करावं लागणार आहे. त्यांना सांगा की हे दुःख कमी होण्याची वाट मी बघणार नाही, यातून मला काम सुचलं आहे. आणि त्यांनाही न्या. सातारकडचा माणूस आहे, चिखलणी त्याला परकी नसावी. जावई चिखलात उतरला तर तुमच्या थोरल्या भावाशी जमिनीचं बोलणं फार सोपं होईल. रात्री दोघांना सोबत अंगणात बसू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

रजेचा अर्ज आत्ताच द्या, रुग्णालयात जुलैची रजा मिळणं कठीण असतं हे तुम्हीच जाणता. निदान आठवडाभर हवा, दोन दिवसांत तुम्ही पुन्हा पाहुण्याच व्हाल. जुन्या सुती साड्या घ्या, चपला पाड्यावर कुणाला तरी सांभाळायला द्या आणि बोटांना लावायला खोबरेल तेल न्या. अर्जात तारीख घालण्याआधी काकीला फोन करून रोपं कधी लावायला येतील ते विचारा. पावसानं ओढ दिली तर आवणी पुढं ढकलली जाते, म्हणून मेट्रनकडं आठवडा मागंपुढं करण्याची सोय बोलून ठेवा.